कान लवकर म्हातारे का होतात?

आमच्या घरात एक जुना विनोद अजून सांगितला जातो. पाहुणे बसले होते. आत्याने आजोबांना विचारले, "आबा, चहा घेता?" आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "सहा कुठले? साडेसहा वाजून गेले." सगळे घर हसले. आबाही हसले. मात्र त्या दिवसानंतर चारचौघांत ते आपण होऊन बोलेनासे झाले. हे आमच्या ध्यानात यायला पुढे दोन वर्षे गेली. तोपर्यंत आम्ही एकमेकांना सांगत होतो, "आबांचा स्वभाव अलीकडे फार एकलकोंडा झाला आहे."

आंधळ्या माणसाची आपल्याला दया येते आणि बहिऱ्याचे हसू येते. तमाशापासून सिनेमापर्यंत बहिरा म्हातारा हे हमखास हशा वसूल करणारे पात्र आहे. डोळ्यांना चष्मा लागला की आपण त्याला 'चाळिशी' असे लाडके नाव देतो आणि बिनदिक्कत नाकावर चढवतो. कानाच्या यंत्राला मात्र असे एकही लाडके नाव नाही. ते लपवायचे असते. या हसण्यात आणि लपवण्यात फार मोठा काळ वाया जातो. म्हातारपणी ऐकू कमी येणे पूर्णपणे टाळता येत नसले, तरी त्याचा वेग कमी करता येतो. आणि तो कमी करण्याचे वय साठीचे नसून तुमचेआमचे, म्हणजे कॉलेजातले आहे. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

घणाचे घाव आणि कानाची ऐरण

आबा तांबट. चौदाव्या वर्षी ते जुन्या नाशकातल्या एका कारखान्यात भांडी ठोकायला बसले आणि साठी उलटेपर्यंत बसत राहिले. नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या धंद्याची नोंद आहे. भांडी बाजारातून आज जाणाऱ्याला रांगेने मांडलेले हंडे, कळशा आणि समया दिसतात. पण तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून त्याचे घंगाळ होते, तेव्हा बंद खोलीत काय आवाज उठतो हे तिथे बसल्याशिवाय कळायचे नाही. चार कारागीर एका वेळी ठोकत असले की शेजारच्याला हाक मारूनही उपयोग नसे. खुणांनी बोलायचे. आबा सांगतात, "संध्याकाळी घरी आलो की कानाला दडे बसलेले असायचे. सकाळी उठलो की मोकळे. मग कशाला काळजी करायची?"

गंमत अशी की हे दुखणे नाशिकचे नाही आणि आजचेही नाही. कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने तीनशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या तांबटांविषयी हेच लिहून ठेवले आहे. त्याचा ग्रंथ १७०० साली प्रथम निघाला आणि १७१३ साली वाढवून पुन्हा छापला गेला. दिवसभर तांबे ठोकणाऱ्या या लोकांचे कान मंद होतात आणि याच कामात म्हातारे झाले तर ते ठार बहिरे होतात, असे त्याचे निरीक्षण होते. व्हेनिसचा तांबट आणि नाशिकचा तांबट, दोघांच्या कानांची तक्रार एकच!

ती समजून घ्यायची तर कानाच्या आत डोकावले पाहिजे. बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो आणि पडदा थरथरतो. त्याला चिकटून तीन इवलीशी हाडे आहेत. त्यांच्या आकारावरून शरीरशास्त्राने त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे दिली आहेत. म्हणजे तांबटाची हत्यारे प्रत्येकाच्या कानात असतातच! ही हाडे पडद्याची थरथर आत पोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी ओळीने बसलेल्या असतात. त्यांच्या टोकांवर केसांसारखे तंतू असल्यामुळे त्यांना केशपेशी म्हणतात. द्रवात लाट उठली की हे तंतू वाऱ्यावरच्या भातरोपांसारखे लवतात, त्यातून विजेचा सूक्ष्म संदेश उठतो आणि मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. आपण म्हणतो, "ऐकू आले."

आता महत्त्वाची गोष्ट. कातडी झिजली तर नवी येते, नख तुटले तर वाढते, हाड मोडले तर सांधते. माणसाच्या कानातली केशपेशी मात्र एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांमध्ये ती पुन्हा उगवते, हे शास्त्रज्ञांना १९८०च्या दशकाअखेरीस आढळले. माणसाला ते भाग्य नाही. जन्मतः मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची असते.

आबांच्या कानाला बसणारे दडे म्हणजे या केशपेशी थकल्याची खूण. विश्रांती मिळाली की बऱ्याचशा सावरतात, म्हणून सकाळी कान मोकळा वाटतो. परंतु रोजच्या माराने काही सावरत नाहीत. त्या गेलेल्या कळतही नाहीत, कारण उरलेल्या काम चालवून नेतात. हिशेब तुटीत गेला आहे हे पुष्कळ वर्षांनी उघड होते, आणि आपण म्हणतो, "वय झाले."

'चहा'चे 'सहा' का होतात?

आबा नेहमी म्हणतात, "मला आवाज येतो, शब्द कळत नाहीत." ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. शंखाच्या नळीत दाराशी बसलेल्या पेशी उंच पट्टीचे स्वर टिपतात आणि आतल्या टोकाशी बसलेल्या खालच्या पट्टीचे. वयामुळे आधी झिजतात त्या दाराजवळच्या पेशी. गोंगाटाचा पहिला घावही वरच्या पट्टीवरच, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास पडतो.

आपल्या बोलण्यात स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. 'आ', 'ओ', 'ऊ' हे दणदणीत, आणि ते शेवटपर्यंत ऐकू येतात. याउलट स, श, च, त, फ, ख यांसारखी व्यंजने बारीक आणि वरच्या पट्टीतली. म्हाताऱ्या कानातून आधी निसटतात ती हीच. 'चहा' आणि 'सहा' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. ते निसटले की मेंदू अंदाजाने रिकामी जागा भरतो आणि घरात हशा पिकतो. 'साठ'चे 'आठ' होतात आणि भाजीवाल्याशी भांडण होते. बायका आणि मुले यांचे आवाज मुळात उंच पट्टीतले, म्हणून नातीचे बोलणे कळत नाही आणि शेजारच्या काकांचे कळते. मग नात रुसते, "आबांना माझेच बरे ऐकू येत नाही!"

आणखी एक अनुभव घरोघर असेल. हळू बोलले तर "काय?" आणि मोठ्याने बोलले तर "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" यातही चिडखोरपणा नाही. अशा कानाला बारीक आवाज येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधी कधी जास्तच बोचतो. ऐकू न येणे आणि असह्य होणे यांच्यामधली पट्टी अरुंद झालेली असते. म्हणून ओरडून उपयोग नसतो.

वय किती आणि गोंगाट किती?

कोणी म्हणेल, म्हातारपण आले की हे व्हायचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या माणसांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडचण यावी इतके कमी ऐकू येते. २०२१च्या तिच्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांची श्रवणशक्ती थोडीफार उणावलेली आहे. पण सगळ्यांचे कान सारख्याच वेगाने म्हातारे होतात का?

न्यूयॉर्कचे कानाचे शल्यविशारद सॅम्युएल रोझेन यांनी हा प्रश्न सुदानमध्ये नेऊन पाहिला. तिथल्या आग्नेय भागातील माबान जमातीच्या खेड्यांत यंत्रे नव्हती, बंदुका नव्हत्या, सगळीकडे शांतता. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे दिसले की तिथल्या म्हाताऱ्यांचे कान त्याच वयाच्या अमेरिकन शहरवासीयांपेक्षा पुष्कळच चांगले होते. पुढे इतरांनी आहार, रक्तदाब आणि आनुवंशिकता यांचाही वाटा त्यात असणार, असे दाखवून दिले, आणि ते खरेच आहे. आईवडिलांकडून आलेला कान बदलता येत नाही. पण म्हातारपणाच्या नावावर आपण जे खपवतो, त्यात वयाबरोबर राहणीचाही मोठा भाग असतो, हे या पाहणीने ठसवले.

गोंगाट किती झाला म्हणजे जास्त? आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. कुजबुज ३०च्या आसपास, साधे बोलणे ६०च्या आसपास. या मोजपट्टीत एक फसवी गोष्ट आहे. तीन डेसिबेल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अनेक देशांत पाळला जाणारा हिशेब असा : ८५ डेसिबेलला दिवसाचे आठ तास, ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक तास आणि १००ला अवघी पंधरा मिनिटे! त्यापुढे रोजची मर्यादा ओलांडली.

आता आपल्या गावाकडे पाहू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पत्रा कापणारे प्रेस, ओझरच्या कारखान्यातली विमानांची इंजिने, देवळालीच्या तोफा, ही तर कामाचीच ठिकाणे. तिथे कान झाकण्याचा नियम असतो. पण नाशिक ढोलाला काय नियम? मी स्वतः ढोलपथकात वाजवतो. गणपतीआधी दीड महिना रोज संध्याकाळी सराव. ढोलाचा पहिला ठोका छातीत घुमतो तेव्हाचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही, आणि तो मला सोडायचाही नाही. पण पथकाच्या मध्यभागी आवाज शंभराच्या सहज पलीकडे जातो. पहिल्या वर्षी सरावाहून घरी आलो तेव्हा कानात रातकिडे ओरडत होते. आई जेवायला बोलावत होती ते मला ऐकू आले नाही. सकाळी सारे ठीक. मी मनात म्हटले, मग कशाला काळजी करायची?

हे वाक्य आधी कुठे ऐकले होते ते आठवले आणि अंगावर काटा आला.

मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या ध्वनिक्षेपकांची आणि कानात खुपसलेल्या इअरफोनची गोष्ट वेगळी नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई करणारा निकाल दिला. पण कायदा मिरवणुकीच्या रस्त्यावर येईल, आपल्या खिशातल्या फोनपर्यंत कसा येणार? तिथले न्यायाधीश आपणच.

वेग कसा कमी करायचा?

पहिला उपाय अर्थातच कान झाकण्याचा. आबा आणि त्यांचे सोबती कापसाचे बोळे घालत, पण साध्या कापसाने फारसा आवाज अडत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी फोमची बुचे मात्र नीट पिळून, कान किंचित वर ओढून बसवली तर पंधरा-वीस डेसिबेल कमी करतात. हिशेब करून पाहा. १०३ डेसिबेलच्या ढोलाला साडेसात मिनिटांची मुभा. त्यातून पंधरा गेले की ८८ उरले आणि मुभा झाली चार तासांची! ढोल ऐकू येतोच, तालही चुकत नाही. त्याखेरीज ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहावे, मधून मधून शांत जागी जाऊन कानाला विसावा द्यावा, आणि फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये.

दुसरा उपाय रक्ताचा. शंखातल्या पेशींना रक्त पुरवणारी धमनी अत्यंत बारीक असते. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू-विडी-सिगारेट यांनी अशा बारीक वाहिन्या बिघडतात. डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची काळजी म्हणून आपण साखर तपासतो. त्या यादीत कानाचेही नाव लिहावे.

तिसरी सावधगिरी औषधांची. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही जंतुनाशके, कर्करोगावरील सिस्प्लाटिन, मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन अशी काही औषधे कानाला इजा करू शकतात. ती प्राण वाचवणारी आहेत, म्हणून मनाने बंद मुळीच करू नयेत. पण आधीच कमी ऐकू येते, किंवा औषध सुरू झाल्यावर कान वाजू लागले, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

चौथी गोष्ट, जे बरे होण्यासारखे आहे ते बरे करून घ्यावे. कित्येक म्हाताऱ्यांच्या कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि डॉक्टरांनी तो काढला की निम्मी तक्रार मिटते. वाहणारा कान, फुटलेला पडदा यांवर उपचार आहेत. काडी, हेअरपिन, किल्ली यांनी कान कोरू नये, मळ आणखी आत जातो. कानात कढत तेल किंवा कांद्याचा रस घालण्याची घरगुती चाल आहे. पण तेल पोचते पडद्यापर्यंत आणि दुखणे असते पडद्याच्या पलीकडे. पडद्याला भोक असेल तर उलट अपायच व्हायचा. मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतील असे तेल, गोळी वा टॉनिक आज बाजारात नाही. तशी जाहिरात करणाऱ्यापासून खिसा सांभाळावा. आणि एका रात्रीत एक कान एकाएकी बंद झाला तर तो वयाचा परिणाम समजून बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. तिथे दिवसांचा उशीरही महाग पडतो.

यंत्र आणि माणसे

आम्ही आबांना तपासायला नेले ते फार उशिरा. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. आलेख हाती आला तेव्हा डावीकडे सपाट असलेली रेघ उजवीकडे कड्यासारखी खाली कोसळली होती. श्रवणतज्ज्ञ बाई आम्हाला म्हणाल्या, "दहा वर्षे आधी आणायला हवे होते."

दहा वर्षांनी काय बिघडले असते? यंत्र काही कानाची झीज थांबवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते जपते ते दुसरेच. ऐकणे शेवटी मेंदूचे काम. शब्द पोचेनासे झाले की मेंदूची ते ओळखण्याची सवय मोडते, माणूस बैठकीतून उठतो, कीर्तनाला जाणे सोडतो, एकटा पडतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ-आयोगाने २०२४ साली दिली, तिच्यातील चौदा कारणांत ऐकू कमी येणे हे एक आहे. २०२३ साली अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. श्रवणयंत्र दिलेल्या आणि न दिलेल्या सगळ्यांचा एकत्र विचार करता बुद्धीच्या ऱ्हासात फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळात अधिक होता, त्यांच्यात यंत्रामुळे तो वेग जवळजवळ निम्मा झाला. सर्वांना लागू पडणारा हा चमत्कार नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखी गोष्टही नव्हे.

तपासणीच्या सोयी पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत कानाची तपासणी नेण्यासाठी हाती घेण्यात आला. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत श्रवणयंत्राचाही समावेश केला गेला. पन्नाशी गाठलेल्या प्रत्येकाने डोळ्यांबरोबर कानही एकदा तपासून घ्यावेत, हे उत्तम.

आबांचे यंत्र पहिले तीन महिने कपाटात होते. "ताटांचा खणखणाट होतो नुसता," म्हणत. खरे होते. कित्येक वर्षे न ऐकलेले आवाज मेंदूवर एकदम कोसळतात. मग रोज अर्धा तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलायचे, असे ठरले. तो एक माणूस मी. शिकलो मात्र मीच अधिक. आधी "आबा" म्हणून हाक मारायची, त्यांनी पाहिले की मग बोलायचे. तोंडावर उजेड पडेल असे बसायचे. टीव्ही बंद. ओरडायचे नाही, सावकाश बोलायचे. वाक्य कळले नाही तर तेच तेच न म्हणता शब्द बदलायचे. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणायचे नाही. बहिऱ्या माणसाला सर्वांत जास्त लागतात ते हेच शब्द.

परवा पथकाच्या सरावाला निघालो होतो. आबा दाराशी खुर्चीवर बसले होते, कानात यंत्र. त्यांनी हात पुढे केला. मला वाटले, पाणी हवे आहे. ते म्हणाले, "बुचे दाखव." मी खिशातून काढून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बोटांत दाबून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "इथे नको ठेवू. घालून जा."

घालून गेलो. परत आलो तेव्हा कानात रातकिडे नव्हते, आणि आई जेवायला बोलावत होती ते पहिल्याच हाकेला ऐकू आले.

— तृतीय वर्ष, कला